मालक बदलून मिळेल

बेल्तोरा कंपनीची गाडी दर तीन वर्षांनी आपल्या मालकाबद्दल अभिप्राय लिहिते, आणि तो वाईट आला तर कंपनी मालक बदलून देते. गॅरंटी असते ती मालकाची. गाडीला लागत नाही.

ही पद्धत आजकालची नव्हे. कंपनीचे संस्थापक, म्हणजे थोरले बेल्तोरा, मूळचे इटलीतल्या एका खेड्यात ऑलिव्हच्या तेलाचे घाणे बनवायचे. त्यांनी पहिली गाडी विकली आणि आठवड्याभरात गिऱ्हाईक पानभर तक्रारी घेऊन दारात हजर. थोरले बेल्तोरा न्यायी माणूस. एकच बाजू ऐकून निकाल कसा द्यायचा, म्हणून त्यांनी गाडीच्या पुढच्या कप्प्यात कोरा कागद आणि पेन्सिल ठेवून कप्पा लावला. तासाभरानं उघडला तर गाडीच्या तक्रारी चार पानं भरून! गिऱ्हाईक कच्चा लसूण खातं, वळणावर शिव्या देतं, क्लचवरचा पाय उचलत नाही. थोरल्यांनी गिऱ्हाईक परत घेतलं. तेव्हापासून कंपनी दरवर्षी अनुभवांचं जाडजूड पुस्तक काढते, आणि त्यातले सगळे अनुभव गाड्यांचे असतात. लिस्बनच्या एका दंतवैद्याला गाडी उन्हात लावली म्हणून तीन वर्षांची वाट न बघता अकराव्या दिवशीच बदललं. ब्रसेल्सच्या एका विधवाबाई मात्र एकाच गाडीकडे एकेचाळीस वर्षं टिकल्या, आणि त्या गेल्या तेव्हा गाडीनं दोन पानी शोकसंदेश लिहिला.

जयसिंगपूरच्या नवव्या गल्लीतल्या भूपाल मगदूमांना ते पुस्तक तोंडपाठ होतं. वय बासष्ट, शेंगदाण्याच्या तेलाचे घाणे बनवायचा कारखाना. थोरले बेल्तोरासुद्धा घाणेवालेच होते हे वाचल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली होती. "आपल्यातलाच माणूस की ओ!" असं म्हणून त्यांनी मालकीसाठी अर्ज केला. चौकशी झाली, मुलाखत झाली, आणि जांभळाच्या रंगाची बेल्तोरा नवव्या गल्लीत आली. अख्खी गल्ली ओवाळायला जमली होती.

खोटं कशाला सांगा, भूपालरावांचा त्या गाडीवर फार जीव. पण जीव असणं वेगळं आणि गाडी चालवता येणं वेगळं. ते गाडी फक्त गुरुवारी बाहेर काढत. घरापासून कारखाना चार किलोमीटर, वाटेत सात गतिरोधक, आणि गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटांवर. भूपालराव प्रत्येक गतिरोधकाला खाली उतरत, डिकीतल्या दोन सागवानी फळ्या काढून चाकांपुढं उतरत्या मांडत, पुन्हा आत बसत, गाडी चढवत, उतरवत, परत खाली येऊन फळ्या पुसून डिकीत ठेवत. चार किलोमीटरला पन्नास मिनिटं लागत. तेवढा वेळ ते गाडीशी बोलत. कारखान्यातलं, तब्येतीचं, थोरला मुलगा बंगळूरहून फोन करत नाही ते, सगळं. घरी ऐकायला वेळ कुणाला होता?

त्यांची बायको पद्मावतीबाई फारसं बोलणाऱ्यातली नव्हे. कंपनीनं गाडीबरोबर रेशमी आच्छादन पाठवलं होतं. ते बघून त्या म्हणाल्या, "हे काय, हिवाळ्यात लेकराला रुमाल पांघरल्यागत!" आणि आपली चौदा जुनी लुगडी काढून त्यांनी गाडीच्या मापाची गोधडी शिवली. तीन महिने लागले. त्यानंतर गाडी गोधडीतच झोपायची.

आणखी एक सांगायचं राहिलं. दर सोमवारी कारखान्याला सुट्टी. भूपालराव जेवून दीड वाजता आडवे होत ते साडेचारला उठत. घाण्यांच्या आवाजात चाळीस वर्षं काढल्यामुळं कानाशी ताशा वाजला तरी त्यांना जाग येत नसे. उठले की चहाबरोबर बशीत बेळगावचा कुंदा. ताजा, कधीकधी कोमटसुद्धा. कुठून आला विचारलं की पद्मावतीबाई म्हणत, "आला कुठनंतरी. खावा की." आणि भूपालराव खात.

तर, तिसरं वर्ष सरलं आणि कंपनीचं पत्र आलं. बुधवारी सकाळी अकरा वाजता निरीक्षक अभिप्राय घ्यायला येतील. सोबत प्रतीक्षायादीतले पहिले इच्छुक श्री. विक्रांत देवमाने, सांगली, हे नियमाप्रमाणे उपस्थित राहतील. अभिप्राय प्रतिकूल आल्यास गाडी त्यांना जागेवर सुपूर्द होईल.

पत्र वाचून भूपालरावांच्या तोंडचं पाणी पळालं. देवमाने म्हणजे सांगलीतला बिल्डर. हायवेवर दोनशे वीसच्या खाली येत नाही अशी त्याची ख्याती. तसल्या माणसापुढं आपण काय टिकणार? गाडी गेली तर गुरुवारचं आपण बोलायचं कुणाशी, हा विचार मनात आला आणि त्यांना जेवण जाईना.

मंगळवारी ते उसनं अवसान आणून गाडी बायपासवर घेऊन गेले. एकदा तरी तिला वेग दाखवावा म्हणून जीव मुठीत धरून त्यांनी पाय दाबला. काटा सत्तरवर गेला. तेवढ्यात दुधाचा टँकर हॉर्न वाजवत पुढं निघून गेला. भूपालरावांनी गाडी कडेला घेतली, घाम पुसला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "हे बघ, माझं चुकलं असंल. पण जे काय असंल ते घरात. भायेरच्या माणसाजवळ उगं काय बोलू नगंस." बेल्तोरा बोलत नाही, फक्त लिहिते.

बुधवारी बरोबर अकराला निरीक्षक खरवंडीकर पुण्याहून आले. पांढरा सदरा, खिशात तीन पेनं. मागून देवमाने, काळा चष्मा डोक्यावर चढवून. पद्मावतीबाईंनी सांजा आणि चहा दिला.

"उत्तम झालाय," खरवंडीकर म्हणाले, "पण याचा अभिप्रायावर परिणाम होणार नाही, हे आधीच सांगतो."

"तसं कोण म्हनतंय?" पद्मावतीबाई म्हणाल्या. "आनि घ्या."

खरवंडीकरांनी गोधडी दूर केली, नमुना क्रमांक सात आणि पेन पुढच्या कप्प्यात ठेवून कप्पा लावला, आणि मीटरची नोंद घेतली. "एकतीस हजार दोनशे."

भूपालराव चमकले. गुरुवारचे आठ किलोमीटर, वर्षाचे बावन्न गुरुवार, वर्षं तीन. साडेबाराशेच्या वर हिशेब जाईना. "इटलीचा किलोमीटर जरा ल्हान असतोय का साहेब?" त्यांनी विचारलं.

"किलोमीटर सगळीकडे सारखाच असतो."

"असंल असंल," भूपालराव म्हणाले. पाहुण्यांशी वाद घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

तास गेला. देवमाने ओट्यावर बसून गाडीचे फोटो काढत होता आणि घरी फोन करून गॅरेज रिकामं करायला सांगत होता. भूपालराव ते ऐकत गोधडीची घडी घालत होते आणि परत उलगडत होते. बारा वाजता खरवंडीकरांनी कप्पा उघडला. कागद भरला होता. अक्षर उजवीकडे झुकलेलं, सुबक. गाडी ज्या घरात राहते त्या घरच्या भाषेत लिहिते असा नियम आहे, त्यामुळं तीन वर्षांत तिची भाषा पुरती नवव्या गल्लीची झालेली होती. खरवंडीकर मात्र प्रत्येक शब्द पुणेरी गांभीर्यानं वाचत होते.

"प्रश्न एक. मालकाचा स्वभाव. उत्तर: मानूस देवमानूस हाय. प्रश्न दोन. मालकाचे वाहनकौशल्य. उत्तर: न बोललेलं बरं."

देवमाने खोकला.

"प्रश्न तीन. वेग. उत्तर: सायकलवाले म्होरं जात्यात आनि वळून बघत्यात. मला लाज वाटती. प्रश्न चार. निगा. उत्तर: गोधडी झ्याक हाय, पर ती मालकानं शिवल्याली न्हाई. प्रश्न पाच. मालक बदलून हवा आहे का?" खरवंडीकरांनी चष्मा सारखा केला. "उत्तर: व्हय."

ओट्यापुढं जमलेली गल्ली भूपालरावांकडं बघायला लागली. भूपालरावांनी खिशातून किल्ली काढली. "तिचं बरोबर हाय," ते म्हणाले. "माझ्याच्यानं तिला काय सुख झालं न्हाई. देवमाने, एक करा. गुरुवारचं तिच्याशी जरा बोलत जावा. तिला सवय हाय." त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला.

देवमान्यानं हात पुढं केला.

"थांबा," खरवंडीकर म्हणाले. "पान उलटायचं आहे. प्रश्न सहा. नव्या मालकासाठी पसंती असल्यास नाव. उत्तर: पद्मावती भूपाल मगदूम."

"कोण?" देवमाने म्हणाला.

"कारणे," खरवंडीकर पुढं वाचू लागले. "सोमवारी दीडला निघत्यात. गतिरोधक तिरका घेत्यात, पोट घासत न्हाई. स्तवनिधीला दर्शन, मग तवंदी घाट, मग बेळगाव. घाटात हात हालत न्हाई. येताना कुंदा मागच्या बाजूला, इंजनच्या उबंला ठेवत्यात. साडेचारच्या आत घरी. गोधडी घालून पाठीवर थाप मारत्यात, आनि मगच आत जात्यात."

भूपालराव बायकोकडे बघत राहिले. तीन वर्षांचा कोमट कुंदा त्यांच्या डोळ्यांपुढून एकेका बशीनं गेला.

"तू... चालवतीस?"

"म्हायेरी टॅक्टर चालवत होते की. तुमी मला बघायला आलासा तवा मी रानात नांगरटच करत होते. इसरलासा काय?"

"मग मला सांगायचं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी घाटात फळ्या घिऊन म्होरं पळला असता."

गल्लीतली माणसं एकदम हसली. तेव्हा भूपालरावांच्या ध्यानात आलं की हे सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच्या चौगुलेंनी तर सोमवारी दीडला आपली म्हैस रस्त्यातून बाजूला बांधायची सवयच लावून घेतली होती.

देवमाने तापला. "हे चालणार नाही! यादीत पहिला मी आहे."

"कलम चौदा," खरवंडीकर शांतपणे म्हणाले. "गाडीची पसंती यादीच्या वर. आपण बसा, सांजा घ्या. प्रश्न सात, हा शेवटचा. माजी मालकाचे काय करावे? पर्याय तीन आहेत. कंपनीच्या ताब्यात द्यावा, दुसऱ्या गाडीला द्यावा, किंवा इतर."

भूपालराव अंग चोरून उभे राहिले. कंपनीचे माजी मालक कुठं ठेवतात ते पुस्तकात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"गाडीनं 'इतर' निवडलंय," खरवंडीकर म्हणाले, आणि इथं मात्र त्यांचा आवाज जरासा खाली आला. "उत्तर: शेजारच्या शिटावर बसवावा. एकल्याला घरात करमत न्हाई. गुरुवारी रस्ताभर माझ्याशी बोलतोय. सोमवारी ते नसतंय, म्हून बेळगाव लई लांब वाटतंय."

खरवंडीकरांनी तिथंच ओट्यावर बसून मालकी बदलाचे कागद केले. जुना मालक, नवा मालक, दोघांचा पत्ता एकच. पद्मावतीबाईंनी सही केली, तारीख घातली आणि गाडीवर गोधडी सारखी करून जेवायची पानं घ्यायला आत गेल्या. देवमाने सांजा न घेता गेला. त्याच्याकडच्या आधीच्या बेल्तोराचा अभिप्राय पुढच्या महिन्यात आहे म्हणतात.

सोमवारी दीड वाजता भूपालराव चाळीस वर्षांत पहिल्यांदा जागे होते. पद्मावतीबाईंनी गोधडी काढली, घडी घातली आणि ती शेजारच्या सीटवर बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. घडीमागून त्यांचे फक्त डोळे दिसत होते.

"घाटात गार लागतंय," त्या म्हणाल्या.

पहिल्या गतिरोधकाला भूपालरावांचा हात सवयीनं दाराकडं गेला. गाडी तिरकी होऊन अलगद पलीकडे उतरली. फळ्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये होत्या. हायवे लागला आणि भूपालरावांनी डोळे घट्ट मिटून घेतले, ते बेळगावच्या कुंद्याच्या दुकानापुढंच उघडले. पण तोंड म्हणाल तर वाटेत एकदाही मिटलं नाही. कारखान्यातलं, तब्येतीचं, थोरल्याच्या फोनचं, सगळं सांगून झालं. दोघीजणी ऐकत होत्या.