शुभेच्छुकांची पट्टी

"दाजी, दुकान घेणं म्हणजे म्हैस घेणं न्हाई. नुसतं दात बघून भागत न्हाई," साईराज पुण्याहून फोनवर सांगत होता.

"मग काय बघायचं?" हंबीररावांनी विचारलं.

"मशीन बघायचं, गिऱ्हाईक बघायचं आणि गुडविल बघायचं."

"गुडविल कुठं ठिवल्यालं असतंय?"

"ते दिसत न्हाई दाजी. लोक त्याच दुकानात का येतात, ते गुडविल. आणि खरी किंमत त्याचीच असती."

साईराज म्हणजे हंबीररावांचा मेव्हणा. पुण्यात एका कंपनीच्या हिशेब खात्यात होता, त्यामुळे घरात पैशाचा विषय निघाला की फोन त्यालाच लागायचा. हंबीरराव फौजेत हवालदार होते. बुटाची नाडीसुद्धा हातात पडल्याशिवाय त्यांनी कधी कागदावर सही केली नव्हती. न दिसणाऱ्या वस्तूला पैसे मोजायचे, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

पण दुकान त्यांना हवंच होतं. पेन्शनवर आल्यावर त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. पुण्यात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहायचं, सोमवारी हजर व्हायचं; नाहीतर रहिमतपुरात भरतेशचं छपाईचं दुकान घ्यायचं. मगावर फोटो, टी-शर्टवर नाव, लग्नपत्रिका, फ्लेक्स, गिऱ्हाईक सांगेल ते छापून देणारं दुकान. भरतेश मूळचा सांगलीकडचा जैन. वडील थकले होते, घरची द्राक्षबाग हाका मारत होती, म्हणून तो दुकान विकून परत निघाला होता. आकडाही त्याने वाजवी सांगितला होता.

हंबीररावांच्या बायकोने, दीपमालाने, या सगळ्यावर एकच वाक्य उच्चारलं होतं. "पुण्याला गेलासा तर परत सुट्टीवरच येनार न्हवं?" लग्न झाल्यापासून ती नवऱ्याला रजेच्या हिशेबानं ओळखत होती. त्या वाक्यावर हंबीररावांना जेवण गेलं नाही.

दुकानाची पारख गुपचूप करायची, हे दोघांचंही ठरलं होतं. "विकतोय म्हटल्यावर लगीनसराईच्या ऑर्डरी दुसरीकडं जातील," भरतेश म्हणाला. "आमचंबी तेच. दुसरा कोन उभा राहिला तर भाव वाढंल," हंबीरराव म्हणाले. एवढं एकमत झालेला सौदा खरं तर तिथेच पक्का व्हायला हवा होता.

गुरुवारी दुपारी हंबीररावांनी दुकानाचं इन्स्पेक्शन केलं. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून धूळ बघितली. फ्लेक्सच्या मशीनखाली पाठीवर सरपटत गेले आणि बाहेर आले तेव्हा अर्धी मिशी गुलाबी झाली होती. शेवटी साईराजने सांगितलेली परीक्षा घ्यायचं ठरलं. बारीक चेहरे स्पष्ट आले, तर मशीन चांगलं.

"मोठा फोटो कुनाचा घेऊ?" भरतेशनं विचारलं.

"माझाच घे. गॉगलवाला."

"आणि बारीक?"

हंबीररावांनी मोबाईल पुढे केला. पुतण्याच्या साखरपुड्याचे फोटो होते. भरतेशने हाताला लागतील ते चेहरे कापून खालच्या पट्टीत बसवले. मजकूर काय टाकायचा, हे दोघांनाही सुचेना. मग कॉम्प्युटरमध्ये जो सगळ्यात जास्त चालायचा तोच टाकला, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', आणि पट्टीवर आपोआप आलं, 'शुभेच्छुक'.

फ्लेक्स झकास आला. पट्टीतले हंबीररावांचे मामा, नाथाजीमामा, यांच्या गालावरचा मससुद्धा ओळखू येत होता. शाई वाळावी आणि उन्हात रंग कसा दिसतो तेही कळावं, म्हणून दोघांनी तो दुकानावर बांधला. दिवस कलला तसा भरतेश सूर्य मावळायच्या आत जेवायला म्हणून घरी गेला. हंबीरराव मिशी धुवायला घरी गेले. फ्लेक्स समोरचा उतरवेल, असं दोघांनाही वाटलं.

शुक्रवारी सकाळी दारात पहिली हाक आली ती चुलतभाऊ दादासोची. हातात नारळ होता आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा," दादासो म्हणाला. "आमचा फोटो लावायच्या लायकीचा न्हाई, म्हनून तोंडानंच देतो."

"कुनाचा वाढदिवस? माझा एक जूनला असतो."

"एक जून तर आख्ख्या गावाचा हाय! शाळेत नाव घालताना मास्तरनं समद्यांचाच एक जून लिवला. खरा आज असंल, आमास्नी कळू दिलं न्हाई एवढंच!"

आता खरं बोलावं तर दुकानाचं बिंग फुटणार, आणि गप्प बसावं तर वाढदिवस कबूल करावा लागणार. हंबीररावांनी नारळ घेतला. सरहद्दीवर त्यांनी कधी माघार घेतली नव्हती. पण तिथे चुलतभाऊ नव्हते.

आमच्याकडे लग्नात मानपान चुकला तर माणसं जेवून घेतात आणि मग रुसतात. पट्टीतला फोटो चुकला तर जेवायलाच येत नाहीत. दादासो तडक दुकानात गेला आणि त्याने फ्लेक्स सांगितला. हंबीररावांना शुभेच्छा देणारा, पण त्यात दादासो दारात मावेल तेवढा आणि हंबीरराव सुपारीएवढे. पट्टीत आपली माणसं घातली. ती घालताना भावकीतली निम्मी राहिली. ती निम्मी दुपारी आली.

नाथाजीमामांचा तर फोटो पट्टीत होता. तरीही ते काठी आपटत आले. "जावयाच्या शेजारी बसवलंस ते बसवलंस. पर त्येच्यापेक्षा बारका? भरतेश, माझा सवता फ्लेक्स काढ."

"कशाचा काढू मामा?"

"वाढदिवसाचा! माझाबी एक जूनच हाय, म्हंजी कवाबी चालतंय!"

ही गोष्ट गावाला एकदम पटली. ज्यांचे ज्यांचे वाढदिवस एक जूनला होते, त्यांना आपला खरा वाढदिवस याच आठवड्यात असल्याचं आठवू लागलं. कुणी फोटोचे मग सांगितले, कुणी टी-शर्ट. शनिवारी दुकानापुढे रेशनला लागावी तशी रांग होती आणि मशीनला उसंत नव्हती.

हंबीरराव लांबून बघत खूश होत होते. दुकान चालतं, याची आणखी काय खात्री हवी? संध्याकाळी ते आगाऊ रक्कम घेऊन गेले, तर भरतेश मान खाजवायला लागला.

"राग मानू नका हंबीरराव. असं दुकान चाललेलं मी कवाच बघितलं न्हाई. आता त्या आकड्याला परवडत न्हाई. आनखी द्राक्षाचे चार हंगाम थांबावं म्हनतो."

हंबीररावांनी साईराजला फोन लावला. "त्येचं बरोबर हाय दाजी," साईराज म्हणाला. "गुडविल वाढलं."

म्हणजे आपणच जाऊन म्हशीला पेंड घातली आणि आता तिचा भाव आपल्यालाच परवडेना. हंबीरराव घरी आले आणि फौजेची काळी ट्रंक खाली काढून कपडे भरायला लागले. दीपमाला दारात उभी राहून बघत होती. ती ट्रंक तिने आजवर पुष्कळदा भरून दिली होती. या वेळी तिने हात लावला नाही. त्यांच्याकडून सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि सकाळ होताच चपला घातल्या.

रविवारी सकाळपासून रांग होतीच. दीपमाला रांगेतून सरळ पुढे गेली आणि मागे वळून तिने विचारलं, "काय मामा, कशापायी आलासा?"

"तुज्या नवऱ्यानं माझी शोभा केली म्हनून," नाथाजीमामा म्हणाले.

"आन तुमी, दादासोभावजी?"

"त्येच्या पट्टीत आमी न्हाई म्हनून! दुसरा फ्लेक्स काढतोय."

रांगेतल्या प्रत्येकाने थोड्याफार फरकाने तेच सांगितलं. दीपमाला भरतेशकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "भरतेशदादा, लोक दुकानात का येतात, त्येला गुडविल म्हनत्यात म्हनं. ही समदी ह्येंच्यावर रुसून आल्यात. उद्या हे पुण्याला गेलं, तर ह्या लोकांनी कुनाच्या रागानं फ्लेक्स लावायचं?"

भरतेशने रांगेकडे पाहिलं. मग लांब, खांबाआड उभ्या असलेल्या हंबीररावांकडे पाहिलं. गेल्या रविवारी या वेळेला आपण दुकानात काय करत होतो, तेही त्याला आठवलं. तो माश्या मारत होता.

"वैनी," तो म्हणाला, "पहिल्याच आकड्याला घ्या. बाबा सकाळीच विचारत हुतं, कवा येतोस म्हनून." आणि हे सांगताना तो इतका मोकळा हसला, की त्याला तरी थांबायचं होतं की नाही, याचीच शंका यावी.

हंबीरराव धावत आले. सौदा झाला, हातात हात पडला. बँकेला येत नसल्याचा फोन गेला. मग दीपमाला म्हणाली, "आता माझी ऑर्डर. मालक, फ्लेक्स पाहिजे."

"तुझा फोटो..." हंबीरराव मोबाईल चाळायला लागले. साखरपुडा झाला, दिवाळी झाली, जत्रा झाली. सगळं गाव होतं, दीपमाला कुठेच नव्हती.

"कसा घावंल? समदं फोटो मीच काढल्यात."

हंबीररावांचा हात थांबला. पट्टीतल्या फोटोसाठी गाव रुसलं होतं. जी रुसायला हवी होती ती तेवढी रुसली नव्हती. त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी तिला दुकानाच्या पायरीवर उभं केलं आणि फोटो काढला. ती पदर सावरून अशी हसली, की त्यांना दुसरा काढावासा वाटला. तोही काढला.

सोमवारी सकाळी दुकानावर नवा फ्लेक्स झळकला. त्यात दीपमाला पायरीवर हसत उभी होती. वर मजकूर होता, 'नवरा गावातच राहिल्याबद्दल सौ. दीपमाला यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली पट्टीत शुभेच्छुक एकटेच, गॉगलवाले हंबीरराव, सुपारीएवढे.

फ्लेक्सखाली खरे हंबीरराव शटर वर करत होते, तेवढ्यात दादासो येऊन उभा राहिला. त्याने फ्लेक्स वरून खाली वाचला, मग पट्टी नीट निरखली.

"वैनीच्या फ्लेक्सातबी आमी न्हाईच व्हय?"

"ये, बस गड्या," हंबीरराव म्हणाले आणि त्यांनी मशीन चालू केलं.