सात नंबरच्या वाटेचं सरपण

“हलू नकोस! आहेस तिथंच थांब! आलो मी!”

अठ्ठावन्न वर्षांपूर्वी दाट धुक्यातून, वरच्या कुरणाच्या बाजूनं आलेली बाबांची ती हाक एर्मेतेच्या कानात अजून ताजी होती. ताजी राहणारच! आठवड्यातून दोनदा तरी तो ती बाहेर काढून, झटकून, अख्ख्या पियानफोस्का गावाला ऐकवत असे. बारमध्ये ऐकवी, बारशाला ऐकवी. एकदा तर शेजाऱ्याच्या अंत्यविधीलाही ऐकवली. त्या दिवशी कंटाळला नाही असा माणूस एकच, आणि तो शवपेटीत होता.

“सात वर्षांचा होतो मी!” एर्मेते सांगे. “धुकं असं, की स्वतःचं नाक दिसेना. आणि एकदम बाबांची हाक! लेकरू कुठं आहे ते बापाच्या काळजालाच कळतं हो! आणि माणसाची दूरदृष्टी बघा, मला बसवून आणायला सोबत खेचरसुद्धा नेलं होतं!”

इथं त्याच्या थोरल्या बहिणीला, झेलिंदाताईला, खोकला येई. अठ्ठावन्न वर्षं नेमका खेचरापाशीच! डॉक्टरांनी दोनदा छाती तपासली. काही सापडलं नाही.

अशा बापाचा मुलगा डोंगरात वाट चुकेल? छे! एर्मेते तर गावच्या पायवाटांचा प्रमुख होता. डोंगरातल्या पायवाटा सांभाळणाऱ्या डोंगर मंडळाच्या गावशाखेत सभासद अकरा, त्यातले चालू शकणारे चार आणि बोलणारा एक. प्रमुख कोण होणार ते ठरल्यासारखंच होतं.

यंदा त्यानं मंडळाच्या शहरातल्या कचेरीला अर्ज केला होता. गावातून वरच्या कुरणावर जाणाऱ्या सात नंबरच्या वाटेला बाबांचं, गाउदेन्त्सिओंचं नाव द्यावं आणि पाटी लावावी. गंमत बाजूला ठेवू, पण ही पाटी त्याला मनापासून हवी होती. घरात बाबांचा एक फोटो नव्हता. टोपी उंदरांनी नेली, काठी चुलीत गेली. एवढा उंचापुरा माणूस, आणि मागं उरली ती फक्त एक हाक. एर्मेतेबरोबर तीही जाणार.

कचेरीनं उत्तर पाठवलं: ऑक्टोबरात तपासणी होईल. वाट पास, तर पाटी.

“पास? डोळे बांधून चाला म्हणावं!” एर्मेतेनं बारमध्ये छाती ठोकली. “एकेक खूण ह्या हातांनी रंगवलीय!”

ते खरंच होतं. वसंतात तो एकटाच लाल-पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन रानात गेला होता. वाटेकाठची बीच जातीची जाड, देखणी झाडं हेरून त्यांवर त्यानं पट्टे ओढले, मधोमध ऐटीत ‘सात’ लिहिलं. आता, जी झाडं तोडायची ठरतात त्यांच्या मुळाशी वनरक्षक हातोड्यानं शिक्का मारून ठेवतो, हे पियानफोस्कातल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. एर्मेतेलाही ठाऊक होतं. पण शिक्का बघायचा तर वाकायला हवं. आणि एर्मेतेची कंबर गेल्या सहा वर्षांत बिशपपुढं वाकली नव्हती, बीचपुढं काय वाकणार!

सप्टेंबरात नेमकी तीच झाडं तोडली गेली. रीतीप्रमाणे गावच्या रानातलं लाकूड चिठ्ठ्या टाकून घराघरांत वाटलं गेलं. पियानफोस्कात सरपणाची रास म्हणजे घराची अब्रू. ती रस्त्याकडच्या भिंतीला लावून, ओळंब्यात रचायची. राशीच्या टोकांना जाडजूड ओंडके उभे करतात, दाराला चौकट असावी तसे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे ओंडके म्हणजे आयती नक्षीच की! प्रत्येकानं तेच उभे केले, रंगीत बाजू रस्त्याकडं.

एर्मेते त्या महिन्यात गुडघा धरून, खिडक्या लावून, पाटीचा मजकूर घोटत बसला होता. आणि गावानं त्याला काही सांगितलं नाही. पियानफोस्कात करमणुकीची साधनं कमी आहेत.

ठरल्या रविवारी सकाळी चौकात शहरातून रावासिओबाई उतरल्या. सडपातळ बांधा, नवे बूट, हातात फळी, फळीवर तपासणीचा तक्ता.

“नियम एकच,” बाई म्हणाल्या. “अनोळखी माणसाला फक्त खुणांवरून वर पोचता आलं पाहिजे. तुम्ही माझ्या मागून यायचं. तोंड उघडलंत, की वाट नापास!”

“अहो, तोंड उघडायची गरजच काय?” असं म्हणून एर्मेतेनं ते मिटलं.

पहिली खूण कारंज्यावर होती. तिथून उजवीकडं, पुलावरून रानात जायचं. पण डावीकडं, औषधवाल्याच्या भिंतीशी, दुसरा ‘सात’ लखलखत होता. बाई डावीकडं वळल्या.

एर्मेतेनं डोळे चोळले. हा ‘सात’ त्याचाच! सातच्या शेपटीचा तो झोकदार बाक दुसऱ्या कुणाला जमणार? पण तो इथं कसा चालत आला?

“अं...” एर्मेते म्हणाला.

बाईंनी बोट वर केलं. एर्मेतेनं ‘अं’ गिळला.

पुढचा ‘सात’ चर्चच्या परसात. फादर प्लाचिदो तोंडाला साबण फासून खिडकीत दाढी करत होते.

“एर्मेते! कबुली द्यायला आलास? मग पुढच्या दारानं ये की, कोंबड्यांतून कशाला?”

एर्मेते गप्प. फादरांचा वस्तरा थबकला.

“हा गप्प? बाई, ह्याला इस्पितळात नेताय का?”

परसातून गल्लीत, गल्लीतून तुल्लिओ लाकूडतोड्याच्या अंगणात! तिथं एक सोडून तीन ‘सात’. बाईंनी तिन्हींना प्रदक्षिणा घातली आणि तक्त्यावर बरंच काही लिहिलं.

“एर्मेते बोलत नाहीये!” तुल्लिओ गल्लीभर ओरडला. “कोण गेलं?”

झालं! दारं उघडली, खिडक्या उघडल्या. बायका हात पुसत बाहेर आल्या. फादर अर्ध्या दाढीनिशी धावले. बाई पुढं, त्यांच्यामागं घामाघूम एर्मेते, त्याच्यामागं अर्धं गाव. मिरवणुकीत कमतरता असलीच तर बँडची!

शेवटचा ‘सात’ गल्लीच्या टोकाला झेलिंदाताईच्या दाराशी उभा होता. पलीकडं खूण नव्हती. बाई सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. चुलीवरच्या कढईत मक्याच्या पिठाचा पोलेंता रटरटत होता.

“या, बसा,” पंचाहत्तरीची ताई ढवळता ढवळता म्हणाली. “चीज घेणार का बाई?”

बाईंनी घड्याळ पाहिलं. “चौकातल्या फलकावर शेवटचं ठिकाण तीन तासांवर लिहिलंय. आपण अकरा मिनिटांत पोचलो. आता बोला एर्मेतेसाहेब.”

“वाकलो नाही हो!” एर्मेते फुटलाच. “बुंध्याशी वाकून बघितलं नाही! चूक माझी, बाबांची नाही! पाटीवर तेवढं पाणी फिरवू नका. अहो, धुक्यात त्यांनी मला हाक मारली, ‘हलू नकोस, आहेस तिथंच थांब, आलो मी!’ लेकरू कुठं आहे ते त्यांच्या काळजाला कळलं! बसवून आणायला खेचरसुद्धा...”

सवयीनं सगळे ताईच्या खोकल्यासाठी थांबले. तो आला नाही. ताईनं पळी कढईवर आडवी ठेवली.

“एर्मेते, ती हाक खेचराला होती.”

दारातली मंडळी आणखी आत सरकली.

“काय?” एर्मेतेनं विचारलं.

“मोरेत्ता सकाळी दावं तोडून वर गेली होती. बाबा तिच्यामागं गेले. तू हरवलायस हे कुणाला ठाऊकच नव्हतं रे! ‘आज एर्मेते जेवायला कसा नाही,’ असं आई विचारते तोवर तू तिच्या पाठीवरून अंगणात उतरत होतास. आणि तोंडात हीच गोष्ट! एवढा खूश होतास, की बाबा मला म्हणाले, ‘असू दे झेलिंदा, सांगू नकोस.’”

एर्मेते सरपणाच्या पेटीवर खाली बसला. ह्या खेपेला कंबर आपोआप वाकली. दारात तुल्लिओनं टोपी काढून हातात घेतली.

रावासिओबाईंनी घसा साफ केला. “वाट नापास. खुणा रंगवा, वसंतात पुन्हा येईन. पण ताई, हे असं असेल तर पाटी तरी कशासाठी लावायची?”

ताईनं पळी पुन्हा उचलली.

“दुसऱ्या दिवशी बाबा काहीच बोलले नाहीत. गाडीच्या चाकाचा लाल रंग उरला होता, तो घेऊन वर गेले. कुरणापासून पुलावरून थेट आमच्या दारापर्यंत दगडादगडावर एकेक ठिपका देत उतरले. गुडघ्याएवढ्या उंचीवर, सात वर्षांच्या पोराला दिसेल असा. सात नंबरची वाट म्हणताय ना, ती ही.” तिनं भावाकडं बघितलं. “मोरेत्तासाठी नव्हे हो ते ठिपके. ती रुसून जायची, हरवायची नाही कधी. हरवणारा आमच्या घरात एकच होता.”