डोंगराला डायलॉग नसतो

साळवे सर आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले आणि जाताना बैठकीच्या खिडकीचा पडदा घेऊन गेले. मागितला नाही आणि चोरला असंही म्हणता येणार नाही. चहा पिता पिता त्यांची नजर पडद्यावर गेली. उठले, पडदा दोन बोटांत धरून सोडून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, हे कापड खिडकीत काहून सडवायलाव? ह्याच्यात चाल हाय." मग दांडी काढून पडदा खांद्यावर टाकला आणि राजासारखे जिना उतरून गेले. माझे मिस्टर पेपर वाचत होते. ते म्हणाले, "उजेड बराच आला की एकदम."

बीडला आमच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वर, सरांचा क्लास आहे. पाटीवर 'नृत्य, नृत्यदिग्दर्शन, नेपथ्य व वेशभूषा' असं ऐटीत लिहिलंय आणि त्याखाली खडूनं 'गिरणी खाली आहे'. कारण दळणाचे डबे घेऊन बाया वर यायच्या. आलेल्या बाईला सर डबा खाली ठेवायला लावून एक गिरकी घ्यायला लावत, असं गल्लीत बोललं जातं. मी बघितलं नाही, पण माझा विश्वास आहे.

तरुणपणी ते पुण्याला एका नाटक मंडळीत कपड्यांना इस्त्री करायला गेले होते. तिथं शिवण शिकले, मग पडदे रंगवायला लागले, आणि एकदा नाचणारा ऐन वेळी आजारी पडला तेव्हा इस्त्री ठेवून स्टेजवर गेले. "त्याचे कपडे मीच कडक केलते. दुसऱ्याला घालू द्यायला जीव झाला न्हाई," असं ते कारण सांगतात.

माणसाकडे ते माणूस म्हणून बघतच नाहीत. कुणाची ओळख करून द्या, ते त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतात आणि "बरं हाय, झाड व्हतील," म्हणून मोकळे होतात. माझ्या मिस्टरांना त्यांनी 'मागच्या रांगेतलं झाड' ठरवलं. मिस्टर आठवडाभर मला विचारत होते, "मागच्या का?"

मी नेकनूरला शाळेत शिकवते. बीडहून एसटीनं रोजचं येणं-जाणं. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनासाठी साळवे सरांना बोलवा, हे मीच सुचवलं. बसमध्ये सर खिडकीशी बसले ते मांडीवर तीन फुटक्या छत्र्या घेऊन. कंडक्टरनं विचारलं, "पाऊस कुठंय?"

"छत्र्या न्हाईत ह्या," सर म्हणाले, "कावळे हायत."

आणि खरंच, त्या काळ्या कापडांतून कावळे झाले. खताच्या गोण्या पिवळ्या रंगवून ऊन झालं. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून स्टेज झालं. नाचाचा विषय होता नदी. नदीसाठी पोरींनी आपापल्या आईच्या निळ्या साड्या आणल्या आणि सरांनी त्या एकीला एक जोडून लांबच लांब शिवल्या. हेडसर पाहणीला आले. नदीच्या मध्यावर थबकले आणि हळूच मला म्हणाले, "मॅडम, ही आमच्या हिची दिवाळीची दिसतेय."

त्यांनी पुढं काही बोलायच्या आत साळवे सरांनी त्यांची उंची-रुंदी डोळ्यांनी मापली. "सर, तुमी आमचे डोंगर."

"मला नाटकातलं काही पाठ होत नाही हो."

"बसायचं फक्त. डोंगराला डायलॉग नसतो."

हेडसर तीस वर्षं भाषणं करत आलेत. न बोलता बसण्याचा मान त्यांना कुणी कधी दिला नव्हता. ते खुशीनं तयार झाले. घरी पाटावर सराव करतात, असं त्यांच्या मिसेसनी मला सांगितलं.

तालमी मात्र विचित्र होत्या. सर स्पीकर लावूच देईनात. "आधी गाण्याबिगर नाचा. मागच्या रांगेतल्याला कानात बोळा घातला तरी कळलं पायजे नदी कुठं रुसली अन् कुठं हसली." पोरी कंटाळल्या, मी वैतागले, पण सर ढिम्म.

संमेलन सकाळी ठेवलं होतं. प्रमुख पाहुणे बीडचे निवृत्त अधिकारी. त्यांची गाडी अडकली म्हणून नाच आधी सुरू केला. हेडसर गोणपाटाखाली डोंगर होऊन बसले होते आणि नदीचं टोक त्यांच्या कमरेला पक्कं बांधलेलं होतं. नदी निम्मी उतरली आणि तेवढ्यात पाहुणे हजर. स्वागत हेडसरांनी करायचं. गोणपाट हललं.

"हलू नका," विंगेतून साळवे सर म्हणाले. "डोंगर उठला तर नदी पोरींसकट ट्रॉलीखाली जाती."

"अहो, पाहुणे आलेत," डोंगर म्हणाला.

"येऊ द्या की. डोंगर कुठं जातो का कुणाला आणायला?"

पाहुणे गोंधळून स्टेजसमोर उभे. आणि तेवढ्यात लाईट गेली. गाणं तुटलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर पोरी नाचतच होत्या. एकीचाही पाय चुकला नव्हता. पायांची धपधप आणि साड्यांची सळसळ, बाकी सगळं मैदान चिडीचूप. नदी कुठं रुसली ते शेवटच्या चटईवरच्या म्हाताऱ्यांनाही कळलं. नाच संपला तेव्हा पाहुण्यांनी त्यांच्याच स्वागतासाठी आणलेला हार उचलला, स्टेजवर चढले आणि डोंगराला घातला. डोंगर हुंदका देऊन म्हणाला, "आभारी आहे." तेवढा एक डायलॉग झालाच.

दुसऱ्या दिवशी कळलं की हेडसरांचा चष्मा गोणपाटात राहिला आणि सामानाबरोबर बीडला गेला. दुपारी मी तो आणायला सरांच्या घरी गेले. क्लासच्या मागंच त्यांची खोली. दार उघडं होतं.

आत सर नाचत होते. गाणं नव्हतं. क्षणात नदी, क्षणात कावळा, मग गाल फुगवून डोंगर. समोर खाटेवर एक पिकल्या केसांची बाई बसली होती आणि आवाज न करता, पोट धरून हसत होती. मधेच तिनं हात हलवून त्यांना थांबवलं, बोटांनी काहीतरी विचारलं. कुणाचं म्हणून न ऐकणाऱ्या सरांनी मुकाट्यानं तो भाग पुन्हा करून दाखवला.

मग त्यांना मी दिसले. थोडे ओशाळले. "आमची आक्का. जन्मापासून ऐकू येत न्हाई तिला."

"मग काल आणायचं ना त्यांना."

"न्हाई येत ती. गर्दीत पोरं तिच्यासारखे हात करून दाखवत्यात, हसत्यात." त्यांनी रुमालानं मान पुसली. "ही हातांची भाषा आमी ल्हानपणी घरात बनवली मॅडम. आय, आक्का अन् मी, तिघांनाच यायची. आय गेली तवा मी पुण्यात होतो. म्हणलं, आता आक्का बोलंल कुणाशी? म्हणून आलो. आन् खरं सांगू? मला बी दुसरं कुणी न्हाई."

आक्कांनी माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. सरांनी खांद्याला पर्स लावली, कपाळाला आठ्या घातल्या आणि बस सुटत असल्यासारखी तुरुतुरु धाव घेतली. ती मीच होते, अगदी हुबेहूब. आक्का हसता हसता बाजूला सरकल्या आणि खाटेवर हात थापटला.

"बसा म्हणती," सर म्हणाले. "अजून पाहुणे यायचेत, लाईट जायचीय."

मी चपला काढल्या आणि आक्कांच्या शेजारी जाऊन बसले.