एका कणाचे दोन साक्षीदार

एका जंगलात, बाळांनो, उजेड भरपूर होता. टंचाई होती ती थोड्याशा उजेडाची.

राजा सिंहाला गुप्त निरोप पाठवायचे होते. त्यासाठी त्याला उजेडाचा एकेक सुटा कण हवा होता. असा कण वाटेत कोणी चोरला तर लगेच कळतं. मोठेपणी तुम्ही त्याला फोटॉन म्हणाल. आत्ता कण म्हणा.

हे काम रेवती खारीने अंगावर घेतलं. ती नवी सून. फारसं बोलायची नाही. सासरच्या झाडावर एक रिकामी ढोली होती, तिथे तिचे प्रयोग चालत. स्वतःची म्हणावी अशी तिला तेवढीच जागा. राजाच्या समितीने शिक्का दिला तर ढोली तिची. नाहीतर तिथे समितीचा स्वागतकक्ष होणार होता.

रेवतीची युक्ती अशी. ढोलीत एक फट होती. अलीकडे मुंग्यांची रांग, पलीकडे एक काजवा. फट ओलांडायची ताकद एकाही मुंगीत नव्हती. तरीही अधूनमधून एखादी मुंगी पलीकडे असायची. कशी गेली, ते तिलाही सांगता यायचं नाही. ती काजव्याला धडकायची, काजवा दचकायचा आणि उजेडाचा एक कण सांडायचा. मग सावरेपर्यंत दुसरा सांडायचा नाही.

"काजवा आजारी आहे का गं?" सासूबाई विचारायच्या. "एवढंसंच देतो."

तपासणीला समितीप्रमुख दाजीसाहेब साळिंदर आले. रेवतीने काजव्यासमोर अभ्रकाचा तुकडा तिरका लावला. उजेडाला तिथून दोन वाटा फुटत. एका वाटेवर थोरला पिंगळा बसला, दुसरीवर धाकटा.

"दिसला!" थोरला ओरडला.

"कुठे? मला नाही."

थोड्या वेळाने धाकटा ओरडला, "हा बघ, दिसला!"

"काहीतरीच! इकडे मिट्ट काळोख आहे."

असं शंभरदा झालं. दोघांना एकदम एकदाही दिसला नाही. रेवतीला आनंदाने शेपटी आवरेना.

"सूनबाई," दाजीसाहेब म्हणाले, "साक्षी जुळत नाहीत."

"जुळू नयेतच, दाजीसाहेब. कण एकच आहे, तो फुटत नाही. एकतर इकडे जाणार, नाहीतर तिकडे. दोघांना एकदम दिसला असता तर कण दोन झाले असते."

"म्हणजे एकमत झालं की चूक, आणि भांडण झालं की बरोबर?"

"हो."

"आमच्या समितीत असं चालत नाही. दोघांनी एकदम पाहिल्याशिवाय शिक्का नाही. तासाभराची मुदत देतो."

सासूबाईंनी रेवतीला बाजूला ओढलं. "समजावतेस काय त्यांना? हवं ते दाखव आणि मोकळी हो. स्वागतकक्ष झाला तर रोजचा चहा आपल्याच गळ्यात पडेल."

रेवती गेली आणि चाळीस काजवे घेऊन आली. ढोली झगमगली.

"दिसला!" दोन्ही पिंगळे एकदम ओरडले.

दाजीसाहेबांचे काटे खाली बसले. त्यांनी शिक्का मारला: 'उजेडाचा कण. नग एक. दोघांनी समक्ष पाहिला.'

"आता नमुन्यात बदल करायचा नाही हं, सूनबाई. मंजूर झालाय."

ढोली रेवतीचीच राहिली. तिथे आता चाळीस काजवे राहतात. रेवती बाहेर फांदीवर बसते.

तात्पर्य: खरी गोष्ट एका वेळी एकालाच दिसली तर ती खोटी ठरते. म्हणून, बाळांनो, खरं सांगण्याआधी त्यात इतकी भेसळ करावी, की ते सगळ्यांना एकदम दिसेल.