डोमाजीकाकांचा आहेर

आमच्या गावात लग्न लागलं, की अक्षता खाली पडायच्या आत डोमाजीकाका माईकपाशी पोहोचलेले असतात. गळ्यात शिट्टी. कुणी किती भांडी दिली, कुणी पातळ दिलं, असा आहेर जाहीर होत असताना ते मध्येच माईक हिसकावतात. "वरपक्षाकडून शाळेले एक फुटबॉल! वाजवा टाळ्या!"

वरपक्षाला ही बातमी तेव्हाच कळते. पण भरमांडवात नाही कोण म्हणणार? नवरदेवाचा बाप कसंनुसं हसतो आणि आठवड्याभरात फुटबॉल शाळेत येतो.

मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. खेळाचं अनुदान येतं, पण दोन दोऱ्या आणि एक कॅरम घेतला की आटोपलं. बाकीच्या रिंगा, लेझमा, उडीच्या गाद्या, सगळं लग्नांतून आलेलं. हल्ली गावात पत्रिका आली, की चौथीचा वर्ग काय मागायचं यावर मतदान घेतो.

काका शाळा समितीचे अध्यक्ष. धानाची शेती करतात, पण जीव सगळा मैदानात. "पोरगं धावलं का आज?" हा त्यांचा नमस्कार. ज्याचं पोर तापानं फणफणलंय त्या बापालाही ते हेच विचारतात! एकदा साहेब तपासणीला आले आणि गणिताच्या वह्या चाळू लागले. काकांनी वर्गातच शिट्टी फुंकली. "साहेब, वह्या कुठी पळून चालल्या? पोरं पाहा, कसे पळतात ते!" साहेबांनाही शर्यतीत उभं केलं. ते तिसरे आले आणि जाताना फार खूश होते.

एकच दुखणं होतं. मैदान आखूड. पोरं वेग धरतात न धरतात तोच कुंपण आडवं यायचं. कुंपणापलीकडे काकांचीच बांधी, धानाचं खाचर. यंदा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू व्हायच्या आधी त्यांनी कुंपण उपटलं, बांधीभोवतीचे मातीचे धुरे मोडले आणि मुरूम टाकून ती मैदानाला जोडून दिली.

गाव चक्रावलं. "धानाची बांधी पोरायले पळाले देऊन राहिला, डोमाभाऊ? काहून?"

"एक बांधी कमी पिकली तं मी का उपाशी मरतो?"

मी आनंदानं उडी मारली, अगदी पोरांसमोर. संध्याकाळी पेढे घेऊन काकांच्या घरी गेले. काकूंनी पेढा हातातच धरून ठेवला.

"आमची दुर्गी लय धावे, म्याडम. सातवीत तालुक्याच्या शर्यतीले नंबर लागला होता. न्याले गाडी आली, अन् हे आडवे झाले. रोवणा सुरू होता ना! पोरीले बांधीत नेलं. याच बांधीत. तवापासून दुर्गीनं मैदानावर पाय नाही ठेवला."

काका तोवर गोठ्याकडे निघून गेले होते.

दुर्गा आता चिखला गावी असते, नवरा तिथल्या खाणीत कामाला. संक्रांतीला ती माहेरी आली, त्याच आठवड्यात आमचा क्रीडादिन. मातांची शर्यत दरवर्षीच असते. यंदा मी फळ्यावर मुद्दाम लिहिलं, 'माता आणि माहेरवाशिणींची शर्यत.'

काकांनी फळा दोनदा वाचला. "येईल का दुर्गी, म्याडम?" हा माणूस इतकं हळू बोलू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आणि आली की हो! पदर खोचला, चपला बाजूला काढल्या, रेषेवर उभी राहिली. बापाकडे बघून म्हणाली, "वाजवा ना बाबा शिट्टी. आज मले रोवणा नाही."

काकांनी शिट्टी तोंडाला लावली. नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा वाजली आणि दुर्गा सुटली! जुनं मैदान संपून बांधी लागली, तशी ती आणखी जोरात पळाली. आम्ही सगळे घसा फाटेस्तोवर ओरडत होतो.

पंचही काकाच. निकाल सांगायला मी माईक त्यांच्यापुढे धरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माईक दूर सारला.

"कोण पयलं आलं, मले का मालूम," शेल्यानं डोळे पुसत ते म्हणाले. "मी तं माह्या पोरीलेच पाहून राहिलो होतो."