बागकामात नापास झालेलं अस्वल

एका जंगलात झाडं फार होती. हसू नका. जंगलात झाडं असणारच, हे तुम्हाला कळतं, कारण तुम्ही लहान आहात. त्या जंगलातल्या मोठ्या मंडळींच्या हे लक्षातच आलं नव्हतं. ते आलं राजा वाघ शेजारच्या जंगलात पाहुणचाराला जाऊन आला तेव्हा.

शेजारच्या जंगलात एक वनस्पती उद्यान होतं. त्याला कुंपण होतं, फाटक होतं, आणि आत प्रत्येक झाडाच्या गळ्यात त्याच्या नावाची पाटी होती. शिवाय दर रविवारी तिथे बागकामावर व्याख्यान असायचं. वाघाने ते ऐकलं. त्याला त्यातलं एक अक्षर समजलं नाही, म्हणून ते त्याला फार आवडलं.

"आपल्याकडे असं उद्यान का नाही?" घरी आल्या आल्या त्याने विचारलं.

"महाराज, आपल्याकडे तर जिकडे तिकडे झाडंच आहेत," दरबारातलं कुणीतरी म्हणालं.

"पण पाट्या कुठे आहेत?" वाघ गुरगुरला.

वाघ गुरगुरला की चर्चा संपायची, असा तिथला रिवाज होता. दुसऱ्याच दिवशी जंगलाच्या मधोमध कुंपण उभं राहिलं. कुंपणाच्या आतलं जंगल उद्यान झालं आणि बाहेरचं जंगल नुसतंच रान झालं. झाडं दोन्हीकडे तीच होती, पण आतल्या झाडांचा रुबाब एकदम वाढला.

उद्यानाचे प्रमुख म्हणून करकोचे सर आले. हा करकोचा एकदा परदेशात जाऊन आला होता. तिथे त्याला कुणी विचारलं नाही, आणि इथे मात्र तेवढ्यावरच सगळे त्याला सर म्हणू लागले, म्हणून तो पुन्हा कुठे गेलाच नाही. बोलताना सर एका पायावर उभे राहात आणि डोळे मिटत. आपण काय बोलतो आहोत ते स्वतःला दिसू नये म्हणून मिटत असावेत, असा माझा अंदाज आहे.

आता आपल्या गोष्टीतलं अस्वल येतं. त्याचं नाव केसोबा.

केसोबा कुंपणाजवळच्या एका गुहेत राहायचा. बायको ठकूबाई, आणि आयुष्यात एकच नाद: बहावा. उन्हाळ्यात पिवळ्याधमक फुलांनी लगडतो ना, तोच बहावा. त्याच्या हातभर लांब काळ्या शेंगा असतात, आणि शेंगेच्या आत चिकट, गोड गर. त्या रानात बहाव्याचं मोठं झाड एकच होतं. केसोबाच्या आईने त्याला पहिली शेंग फोडून दिली ती त्याच झाडाखाली. तेव्हापासून शेंगा काळ्या पडल्या की केसोबा मुक्कामालाच तिथे असायचा.

आणि ते झाड नेमकं कुंपणाच्या आत गेलं.

केसोबा सवयीने फाटकाशी गेला. फाटकावर साळूबाई सायाळ बसली होती. अंगावर काटे असल्यामुळे तिला ही नोकरी न मागता मिळाली होती.

"कुठं निघालास?"

"बहाव्याकडं."

"प्रमाणपत्र आहे? बागकामाचा वर्ग पास झालेल्यालाच आत झाडाला हात लावता येतो. नाहीतर फक्त वर्गापुरतं यायचं आणि वर्ग सुटला की बाहेर पडायचं."

एवढ्यात आधीच्या वर्गात पास झालेलं एक माकड डोक्यावर शेणखताचं घमेलं घेऊन आलं. साळूबाईने माकडाचं प्रमाणपत्र पाहिलं आणि दोघांना आत सोडलं.

"घमेल्याचं प्रमाणपत्र नाही बघितलंस ते?" केसोबाने विचारलं. तो भांडत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते अवजार आहे, बाबा. अवजाराला काही लागत नाही," साळूबाई म्हणाली.

केसोबा घरी आला आणि त्याने ठकूबाईला सांगितलं, "मी बागकाम शिकायला जाणार."

"तुम्ही? तुम्हाला गुहेतलं जाळं काढायला सांगितलं तर झोप येते!"

"तुला शेंगा खायच्या आहेत का नाहीत?"

ठकूबाईने लगेच त्याचे केस विंचरून दिले. शेंगा तिलाही आवडायच्या.

तर केसोबाने नाव घातलं. वर्गात ससे होते, भेकरं होती, दोन-चार माकडं होती. पहिलं व्याख्यान होतं 'कुंडी: काळाची गरज'. आजूबाजूला मैलोगणती जमीन मोकळी पडली होती, पण सर कुंडीवर इतकं मनापासून बोलले की सशांना आपण आजवर कुंडीशिवाय कसे जगलो याची लाज वाटली. दुसरं व्याख्यान झाडं ओळखण्यावर होतं. सगळ्यांना झाडाखाली बसवून झाडाचं चित्र दाखवलं गेलं. केसोबाने चित्र चाटून पाहिलं.

"हे काय चाललंय?" सर ओरडले.

"ओळखतोय, सर."

"झाड पाटी वाचून ओळखायचं असतं!"

तिसरं व्याख्यान रोपांशी गोड बोलावं यावर झालं. त्या रात्री केसोबा सरावासाठी गुहेत आणलेल्या एका कुंडीशी इतकं गोड बोलला की ठकूबाईने दोन दिवस अबोला धरला.

पावसाळा लागला तसं सरांनी प्रत्येकाला एक कुंडी आणि बहाव्याचं बी दिलं. ज्याचं बी रुजेल त्याला तोंडी परीक्षेला बसता येईल, आणि परीक्षा घ्यायला खुद्द महाराज येणार, असं त्यांनी जाहीर केलं.

मंडळी कामाला लागली. सशांनी माती चाळली. भेकरं झारीने पाणी घालत, आणि पाणी घालून झालं की दचकून पळत, कारण त्यांचा स्वभावच तसा. माकडं रोज सकाळी बी उकरून बघत की कोंब आला का, आणि पुन्हा पुरून ठेवत. केसोबा कुंडीपुढे बसून राहायचा. त्याने आपल्या वाटचा मधसुद्धा त्या कुंडीत ओतला. माझं ऐकाल तर अस्वलाच्या प्रेमाची याहून मोठी खूण नसते.

पण एकही बी रुजलं नाही. बहाव्याचं बी असतं दगडासारखं. पाणी घाला, व्याख्यान द्या, ते ढिम्म हलत नाही. सर म्हणाले, माती चुकली. मग म्हणाले, दिशा चुकली. सगळ्या कुंड्या पूर्वेकडून उत्तरेकडे सरकवल्या आणि बिया उत्तरेकडे तोंड करून पडून राहिल्या.

महाराजांची स्वारी उद्यावर आली, तेव्हा मात्र सरांचा दुसरा पायही जमिनीवर आला. रिकाम्या कुंड्या दाखवल्या तर वाघ काय खाईल, याचा त्यांनी विचार केला आणि त्यांना आपलाच गळा आठवला.

"सर, चिंता करू नका," केसोबा म्हणाला. "आमच्या गुहेमागं बहाव्याची खूप रोपं आलीत. त्यातलं एक आणू का?"

"वर्गाबाहेर उगवलेलं रोप ग्राह्य धरता येत नाही," सर म्हणाले.

वर्ग सुटल्यावर ते गुपचूप केसोबाच्या गुहेमागे गेले. पाहतात तो काय! बहाव्याची हिरवीगार रोपं दाटीवाटीने उभी होती.

"अद्भुत!" सर त्या रोपांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "ही कुठली माती? कुठलं खत? काय प्रक्रिया केलीत?"

केसोबा लाजला. जमिनीकडे बघत नखाने माती उकरू लागला. ठकूबाई मात्र स्पष्टवक्ती.

"अहो सर, कसली प्रक्रिया? उन्हाळाभर शेंगा खायच्या, बियांसकट गिळायच्या, आणि रोज सकाळी परसाकडे यायचं. तुम्ही उभे आहात ना, तीच ह्यांची जागा."

सरांनी एक पाय उचलला. मग तो टेकून दुसरा उचलला. शेवटी दोन्ही उचलले आणि उडून फांदीवर बसले.

मुलांनो, शहाणी माणसं घाणीत पाय पडला म्हणून रडत बसत नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळी रोपं उपटून कुंड्यांत गेली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या कुंडीत एक, केसोबाच्याही. सगळ्यांना एक उत्तर पाठ करायला सांगितलं गेलं. केसोबा तेवढ्यात घरी जेवायला गेला होता, म्हणून ते त्याच्या कानावर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाघ आला. डोलणारी रोपं बघून त्याच्या मिशा थरथरल्या. तोंडी परीक्षेला त्याने एकच प्रश्न ठरवला, कारण सरांनी त्याला तो एकच लिहून दिला होता.

"बी रुजण्यापूर्वी त्यावर कोणती प्रक्रिया करावी?"

"उष्ण, आर्द्र आणि अंधाऱ्या पोकळीतून बियांचं मंद भ्रमण घडवावं," ससा म्हणाला.

"वा!" वाघ म्हणाला. त्याला काही समजलं नव्हतं.

भेकर तेच म्हणालं आणि दचकलं. माकडंही तेच म्हणाली. मग केसोबाची पाळी आली. केसोबाने विचार केला. आपल्याला तर उत्तर अगदी बरोबर माहीत आहे, या आनंदाने त्याचा चेहरा फुलला.

"महाराज, बी खावं. आणि सकाळी..."

पुढचं त्याने प्रामाणिकपणे, सविस्तर सांगितलं. हाताने खुणाही केल्या.

मग माकडांनी तोंडं दाबली. वाघाने नाक मुरडलं. करकोचे सरांनी डोळे घट्ट मिटले.

"नापास!" वाघ गरजला. "विद्येच्या मंदिरात हे असलं बोलणं!"

सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. केसोबाला मिळालं नाही. त्याची कुंडीही ठेवून घेतली, कारण ती उद्यानाची मालमत्ता होती.

हिवाळा गेला. बहाव्याच्या शेंगा काळ्या पडल्या. केसोबा रोज कुंपणाबाहेर बसायचा आणि वर बघायचा. पास झालेली मंडळी आत झाडाखालून फिरायची. त्यांना त्या शेंगा आवडत नव्हत्या. गळून पडलेल्या शेंगा ती एका बाजूला लोटून ठेवायची. त्या ढिगाकडे बघताना केसोबाच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि मग डोळ्यांनाही. मला तर हे सांगतानासुद्धा वाईट वाटतं. एवढं मोठं अस्वल असं रडू नये.

"जाऊ द्या," ठकूबाई म्हणायची. "बोरं खा."

"बोरं ती बोरं," केसोबा म्हणायचा.

इकडे वाघिणीला ती रोपं भलतीच आवडली होती. नदीपासून आपल्या गुहेपर्यंत दोन्ही बाजूंनी बहावाच बहावा हवा, असं तिने वाघाला सांगितलं. वाघाने ते सरांना सांगितलं. सांगताना तो जरा गुरगुरला.

सरांनी प्रमाणपत्र मिळवलेल्या सगळ्या मंडळींना बोलावलं. त्यांनी उष्ण, आर्द्र, अंधारी पोकळी तयार केली. म्हणजे एका मडक्यात कोमट पाणी आणि बिया घातल्या, आणि मडकं घेऊन माकडं सावकाश इकडून तिकडे फिरली. भ्रमण उत्तम झालं. बिया मात्र जशाच्या तशा राहिल्या. सशाने एक बी गिळून पाहिलं, तर ते घशात अडकून वैद्य बोलवायची वेळ आली.

मग एका सकाळी करकोचे सर स्वतः केसोबाच्या गुहेसमोर उभे राहिले. पाय टेकवण्याआधी त्यांनी जमीन नीट पाहून घेतली.

"केसोबा, उद्यानात चला."

"सर, मी तर नापास."

"तीच तर अडचण आहे," सर म्हणाले. "नापास झालेल्याला माळी म्हणून घेता येत नाही. नियम आहे. विद्यार्थी म्हणून पुन्हा घ्यावं, तर महाराज ओळखतील." ते एका पायावर उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. मग डोळे उघडून म्हणाले, "तुम्ही माझ्याबरोबर चला तर खरं."

फाटकावर साळूबाईने काटे उभारले. "प्रमाणपत्र?"

"याला लागत नाही," सर म्हणाले. "हे अवजार आहे."

साळूबाईने केसोबाला खालून वर न्याहाळलं. मग काटे मिटले आणि फाटक सताड उघडलं.

"आता कसं सरळ झालं!" ती म्हणाली. "जा, बाबा."

ठकूबाई मागेच होती. तिच्याकडे बोट करून साळूबाईने विचारलं, "आणि ही?"

"जादा अवजार," ठकूबाईने स्वतःच सांगितलं आणि ती आत शिरलीसुद्धा.

त्या दिवसापासून केसोबा आणि ठकूबाई बहाव्याखाली बसतात. शेंगा खातात, उरलेल्या उशाशी घेऊन झोपतात, आणि सकाळी नेमून दिलेल्या वाफ्यात जाऊन येतात. संध्याकाळी माकडं खुरपी आणि घमेली धुऊन खोलीत ठेवतात, तेव्हा या दोघांच्या अंगावरूनही एकेक बादली पाणी ओततात. उन्हाळ्यात ते बरंच वाटतं.

वाघिणीच्या वाटेवर रोपं लागली. करकोचे सरांचं भ्रमणावरचं व्याख्यान ऐकायला आता शेजारच्या जंगलातूनही मंडळी येतात. सर एका पायावर उभे राहून बोलतात. मागे झाडाखाली केसोबा मचमच करत असतो, आणि त्याच्यासमोर पाटी आहे: 'अवजारास हात लावू नये'. केसोबाला वाचता येत नाही. आपलंही नाव अखेर पाटीवर लागलं, असं समजून तो रोज ती पाटी पंजाने पुसून ठेवतो.

तात्पर्य: मुलांनो, आपल्याला जे येतं ते शिकायला कधीही जाऊ नये, हमखास नापास होतो. आणि जावंच लागलं, तर विद्यार्थी म्हणून जाऊ नये, घमेलं म्हणून जावं. जेवण बरं मिळतं.