चेंडू किती वेळा आला?

जिल्ह्याच्या बास्केटबॉल संघातून रक्षाला वगळलं, त्या दुपारी वडगावात लाईट गेली होती. तिचे वडील यल्लाप्पा बंद यंत्रमागापाशी बसून धुमसत होते. शहापूरचे मारुतीराव आठवड्याला जास्त साड्या विणतात, असं मालक त्यांना सुनावून गेला होता.

"त्येच्याकडं दिसभर करंट असतोय. आधी करंट बघावा, मग साड्या मोजाव्या."

रक्षाने कान टवकारले. तिच्या जागी घेतलेली सुवर्णा शहापूरच्या संघातली. चेंडू आला की फेकला, असा त्यांचा धडाका. रक्षाचा संघ समोरचे कंटाळेपर्यंत चेंडू आपसातच फिरवायचा. मग सुवर्णाचे गुण जास्त होणार नाहीत तर काय?

दुसऱ्या दिवशी निवड करणाऱ्या स्वरूप सरांना तिने गाठलं. "सर, सामन्यामागे गुण मोजू नका. टीमकडं शंभर वेळा चेंडू आला तर कोण किती गुण करतंय, ते बघा."

निवड झाली, विषय संपला, असं सर म्हणाले. रक्षा सरळ बास्केटखाली जाऊन बसली. सराव थांबला. लाईट अजून आली नव्हती, त्यामुळे यल्लाप्पा गल्लीतल्या सगळ्या रिकाम्या विणकरांना घेऊन आले. भांडण ज्याला त्याला आपलंच वाटलं. शेवटी सरांनी वैतागून मोबाईल काढला आणि सामन्यांच्या नोंदींवरून तसा हिशेब मांडला.

सुवर्णा खाली घसरली, रक्षा वर गेली. विणकरांनी माना डोलावल्या. पण सरांना आता चव लागली होती, त्यांनी सगळ्यांचाच हिशेब केला. पहिली आली ऋतिका.

ऋतिका म्हणजे रक्षाच्याच संघात वर्षभर बाकावर बसून बाटल्या भरणारी. रक्षाचा बूट फाटला तेव्हा ती मिनिटभर खेळली, तेवढ्यात चेंडू एकदाच आला, तो तिने डोळे मिटून फेकला आणि तो आत गेला.

"जागा एकच आहे, आणि नियम तुझाच," सर रक्षाला खुशीत म्हणाले.

"सर, ती खेळलीच किती?"

आजवर कधी न बोललेली ऋतिका बाकावरून उठली. "खेळवलं कुणी मला? शंभर वेळा चेंडू द्या, मग बोला." असं म्हणून तीही बास्केटखाली येऊन बसली.

रक्षाने वळून वडिलांकडे पाहिलं. हे तर त्यांचंच बोलणं होतं: आधी करंट बघावा, मग साड्या मोजाव्या.

तेवढ्यात लाईट आल्याचा फोन आला आणि सगळे विणकर, यल्लाप्पांसकट, मागांकडे पळाले. आता रक्षा उठेल, म्हणून सर वाट बघत राहिले.

रक्षा थोडी सरकली आणि तिने ऋतिकाला सावलीत जागा करून दिली.